चपलांची रांग आणि मागचं दार

“मुकी हाय वाटतं पोरगी.”

हे माझ्याबद्दल होतं. मी पोर्चच्या पायरीवर उभी राहून तांब्यातून एका म्हाताऱ्या माणसाच्या ओंजळीत पाणी ओतत होते, आणि बोलणाऱ्या बाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी आवाजही खाली आणला नव्हता. मुक्या माणसाला ऐकू येत नसणार, असं त्यांनी धरून चाललेलं असावं. त्यांच्या शेजारच्या मुलीनं लगेच खुलासा केला, “मुकी न्हाय गं आई, इंग्लिश शाळेतली हाय ती.” बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “मग तितं बोलायला शिकवत न्हाईत व्हय?” पायरीवरची माणसं हसली. मुलगीही हसली, पण हसता हसता तिची मान वर झाली, तिला मी दिसले आणि तिनं जीभ चावली. मीही तेव्हा हसले असते तर बरं झालं असतं. मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले आणि माठापाशी उगीचच उभी राहिले.

आमच्या घराचा पुढचा हॉल त्या काळात आमचा नव्हता. बाबा एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होते. त्यांचा शाळेपासूनचा एक मित्र निवडणूक जिंकून आमदार झाला, तेव्हा बाबांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि त्याचं कामकाज बघायला लागले. लोक बाबांना पीएसाहेब म्हणायचे आणि आमदारांना नुसतंच साहेब. संपर्क कार्यालयासाठी शहरातल्या जुळे सोलापूर भागात चांगली जागा मिळेपर्यंत आमचा हॉल वापरायचा, असं ठरलं होतं. जागा बघणं काही वर्षं चालूच राहिलं. आमचा सोफा मधल्या खोलीत गेला, टीव्ही माझ्या अभ्यासाच्या टेबलावर आला, आणि हॉलमध्ये उंच पाठीची एक खुर्ची, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर मतदारसंघाचा मोठा नकाशा लागला. दुपारी हॉल रिकामा असला की मी त्या नकाशासमोर उभी राहायची. मंद्रूप, वळसंग आणि त्यांच्या आजूबाजूची बारक्या अक्षरांतली गावं मला तोंडपाठ झाली होती. त्यांतलं एकही मी पाहिलेलं नव्हतं.

साहेब सोमवारी बसायचे. सोमवारी बाबा भल्या सकाळी दाढी करायचे, आई कुकर लवकर लावून मोकळी व्हायची, आणि मी माठ घासून भरायची. ते माझं ठरलेलं काम होतं. दहाच्या सुमाराला गाडी फाटकाशी थांबली की हॉलमधला पंखा सर्वांत वरच्या वेगावर फिरायला लागायचा आणि भिंतीवरचा नकाशा फडफडायचा. जेवणाच्या वेळेला साहेब उठायचे. बाबा अजूनही सोमवारी लवकर दाढी करतात. कार्यालय आमच्याकडून गेलं त्याला आता बराच काळ झाला. मी पुण्याहून येते तेव्हा कुर्डुवाडी मागे पडली की खिडकीबाहेरची जमीन ओळखीची वाटायला लागते आणि मन पुढे धावतं. घरी पोचून सोमवारी सकाळी उठावं, तर बाबा रिकाम्या हॉलमध्ये गुळगुळीत गालांनी पेपर उघडून बसलेले असतात. मी समोर जाऊन बसते. मला खात्री आहे की आम्ही दोघंही तेव्हा एकाच गोष्टीसाठी कान देऊन असतो. फरशीवरून सरकणाऱ्या चपलांचा आवाज.

आमच्या पोर्चला शहाबादी फरशी होती, आणि सोलापूरच्या उन्हात ती सकाळीच तापायची. सावली फक्त दारापाशी, दोन पायऱ्यांपुरती. त्यामुळे तिथं रांग लावून उभं राहणं कुणालाच शक्य नव्हतं. येणारा माणूस आपल्या चपला रांगेत शेवटी काढून ठेवायचा आणि तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी उड्या मारत समोरच्या मोकळ्या प्लॉटातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचा. रांग चपलांची असायची. उंबऱ्यापासून निघून भिंतीच्या कडेकडेनं फाटकापर्यंत. आतून एक माणूस बाहेर पडला की कुणीतरी उठून यायचं आणि पायाच्या अंगठ्यानं एकेक जोड पुढे सरकवायचा. खर्र, खर्र, खर्र. ज्याच्या चपला उंबऱ्याजवळ आल्या, त्यानं येऊन पायरीवरच्या सावलीत बसायचं. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं. वळसंगचे एक आबा होते, डोळ्यांनी अधू, पण आवाजानं खणखणीत. नव्या माणसाला तेच समजावून सांगायचे, “बूड कुटंबी टेकवा, चपला तेवढ्या हितं ठेवा.” त्यांच्या स्वतःच्या चपला टायरच्या होत्या, नांगरासारख्या जड. दुसऱ्याचा जोड ओलांडून आपला पुढे ठेवलेला मी कधीच कुणाला पाहिलं नाही. राखायला कुणी नसायचं. आमच्या शाळेत रांगेवर देखरेख करायला दोन मॉनिटर आणि एक टीचर लागायच्या.

पण ज्यांच्या चपला त्या रांगेत कधीच दिसल्या नाहीत, अशी माणसंही साहेबांना भेटायची. ती घरामागच्या बोळातून यायची. मागच्या दाराजवळ आईनं गवती चहा लावला होता. त्याच्या आळ्यापाशी बूट काढून ती सरळ स्वयंपाकघरात यायची. बाबांच्या कॉलेजातले जुने सहकारी, आईच्या भिशीतल्या बायका, नात्यातली माणसं, आणि सिद्धूकाका. सिद्धूकाका रस्त्यांची कामं घ्यायचे आणि कधी मोकळ्या हातांनी यायचे नाहीत. त्यांच्या घरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आमच्याकडे आठवडाभर पुरायची. ओट्याजवळच्या स्टुलावर बसून ते आईची मस्करी करायचे, माझीही. “आमच्या मॅडम इंग्लिशमधी गप्प बसत्यात,” हा त्यांचा नेहमीचा विनोद, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. निदान माझ्या गप्प बसण्याला त्यांनी काहीतरी दर्जा दिला होता.

आईचा एक शिरस्ता होता, तो तिला तिच्या माहेराहून मिळाला होता. घरात आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जायचा नाही, आणि चहा घेतलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. तोंडाला चहा लावून माणसाला बसवून ठेवणं हा तिला अपमान वाटायचा. त्यामुळे स्वयंपाकघरातली कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला की ती मधल्या दाराशी जाऊन हाक द्यायची, “अहो, ह्यांचा चहा झाला.” तेवढंच. हॉलमध्ये बाबा ज्याचं बोलणं चाललं असेल त्याला संपवू द्यायचे, मग मधल्या दाराची कडी काढायचे आणि म्हणायचे, “साहेब, हे आपलेच आहेत.” आणि आपलेच असलेले आत जायचे. आई घरची रीत पाळत होती, बाबा आईचा शब्द पाळत होते. लाच नाही, वशिला म्हणावा तर तोही कुणी मागितलेला नाही. गवती चहाचा वास सुटलेल्या त्या स्वयंपाकघरात काही चुकीचं घडतंय असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

बाहेरच्यांना मधलं दार दिसत नव्हतं. पुढच्या दाराला पडदा असायचा. आत कोण गेलं, कोण आलं, काही कळायचं नाही. रांग बराच वेळ हलली नाही की लिंबाखाली म्हणायचे, साहेब फोनवर असतील, मुंबईचा फोन लांबतो. पुढची आणि मागची, दोन्ही दारं एकाच वेळी दिसतील अशी जागा घरात एकच होती, ती म्हणजे मधल्या खोलीतलं माझं टेबल. टीव्हीच्या शेजारी पुस्तक उघडून बसलं की डावीकडे स्वयंपाकघर आणि उजवीकडे, खिडकीच्या जाळीतून, चपला. आमच्या सिव्हिक्सच्या पुस्तकात आमदारावर एक धडा होता. तो मी शाळेत इंग्रजीतून घडाघडा म्हणून दाखवला होता आणि शाबासकीही मिळवली होती. त्यात मागच्या दाराचा उल्लेख नव्हता.

मला मुकी म्हणणाऱ्या बाईंचं नाव महानंदा, आणि मुलीचं भाग्यश्री. मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावातून त्या यायच्या. हे मला हळूहळू, पाणी देता देता कळलं. भाग्यश्री माझ्याच वर्षाची. माझ्यासारखीच बारावीची परीक्षा देऊन बसलेली. तिला सोलापुरात बी.एस्सी. करायचं होतं. पण प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि गावाकडे जाणारी संध्याकाळची एसटी त्या उन्हाळ्यात बंद झाली होती. दुपारची तेवढी राहिली होती. फाट्यापर्यंत दुसऱ्या गाडीनं येऊन पुढे अंधारात चालत जाणं वडिलांना मान्य नव्हतं. एसटी न्हाय तर कॉलेज न्हाय, हा त्यांचा शब्द. डेपोत या दोघी जाऊन आल्या होत्या. तिथल्या साहेबांनी सांगितलं, आमदारांचा फोन आला तर बघू. एवढ्यासाठी त्या सोमवारी सकाळच्या गाडीनं यायच्या, चपला लावायच्या, आणि दरवेळी त्यांचे जोड उंबऱ्याच्या अगदी जवळ आले की साहेबांची जेवणाची वेळ व्हायची. साहेब बाहेर यायचे, सगळे उठून उभे राहायचे, साहेब हात जोडायचे आणि चालता चालता म्हणायचे, पीएंना सांगून ठेवा. बाबा खरोखर लिहून घ्यायचे आणि खरोखर सांगायचेही. पण महानंदाबाईंचा त्यावर भरवसा नव्हता. “माझं तोंड बगितल्याबिगर त्यांच्या ध्यानात कसं ऱ्हाईल?” असं त्या आबांना म्हणाल्या होत्या. आणि ते खरं होतं. साहेब माणूस वाईट नव्हते. खुर्चीपर्यंत पोचलेल्याचं ते ऐकून घ्यायचे, समोरच फोन लावायचे, काम झालं नाही तर पुन्हा ये म्हणायचे. अडचण होती ती खुर्चीपर्यंत पोचण्याची.

भाग्यश्री माझी मैत्रीण झाली असं मला म्हणता येणार नाही. मी तिची वाट बघायची, एवढं म्हणता येईल. तिच्या चपला निळ्या पट्ट्यांच्या होत्या, एका पट्ट्याला पांढऱ्या दोऱ्याचा टाका घातलेला. सोमवारी खिडकीच्या जाळीतून तो पांढरा टाका दिसला की मला बरं वाटायचं आणि मग पुस्तकात काय लिहिलंय ते कळायचं नाही. पाणी द्यायला गेले की ती काहीतरी विचारायची. घरात एवढी पुस्तकं कुणाची? पुण्याला जाणार का? केस रोज धुता का? मी एका शब्दात उत्तर द्यायची. एकदा धीर करून मी पूर्ण वाक्य बोलले. तुमच्या गावात लायब्ररी आहे का, असं काहीतरी. ती लक्ष देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, “तुमी टीव्हीतल्यावानी बोलता की.” तिनं कौतुकानं म्हटलं होतं. मी मात्र पुन्हा दोन सोमवार एका शब्दावरच राहिले. तिच्यासारखं बोलता यावं, पायरीवर बसून अनोळखी माणसांच्या गप्पांत सहज तोंड घालता यावं, असं मला फार वाटायचं. इतकं, की रात्री पडल्या पडल्या मी मनातल्या मनात तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायची. व्हय. न्हाय. लई ऊन हाय. सकाळी ते शब्द घशात राहायचे. आणि यातली गंमत मला तेव्हाही कळत होती. तिचं काम व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि काम झालं की ती यायची बंद होणार होती.

एका संध्याकाळी तांदूळ निवडताना मी आईला म्हटलं होतं की पुढचे लोक फार वेळ बसतात. आईनं सुपातून मान वर न करता विचारलं, मग घरात आलेल्याला काय सांगायचं, बाहेर जाऊन उन्हात बसा? तिच्या दृष्टीनं प्रश्न तिथंच संपला. बाबांनी ते ऐकलं आणि मला जवळ बसवून शांतपणे समजावलं. साहेबांना भेटणारे दोन प्रकारचे असतात, म्हणाले. आपल्या घरच्या ओळखीचे लगेच नाराज होतात. बाहेरचे लोक समजूतदार असतात. बाबांनी तो शब्द आदरानं वापरला होता, आणि तरीही तो मला कुठंतरी टोचला, तो आजतागायत. पुण्यात एखाद्या ऑफिसात मला कुणी, तुम्ही समजूतदार दिसता, जरा थांबा, असं म्हटलं की मी जाळीपलीकडच्या त्या चपलांपाशी जाऊन पोचते.

मग तो सोमवार आला. साहेब दुसऱ्या दिवशी अधिवेशनासाठी मुंबईला जाणार होते, ते कॉलेज सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावरच परतणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे रांग फाटकाबाहेर गेली होती. आबांचे टायर पुढे होते, त्यांच्या मागे आणखी एक-दोन जोड, आणि मग महानंदाबाईंच्या आणि भाग्यश्रीच्या चपला. जाळीतून बघत मी हिशेब करत होते की आज नक्की होईल. तेवढ्यात मागच्या बाजूला बूट वाजले. आधी बाबांच्या कॉलेजातले एकजण, मग शेजारच्या काकू मुलाच्या बदलीचं घेऊन, मग सिद्धूकाका. आईनं आधण वाढवलं. मला जे सुचलं ते घरच्या रीतीतलंच होतं. मी चपला घातल्या, रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले, भाग्यश्रीच्या दंडाला हात लावला आणि जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हटलं, मागच्या दारानं या, आई चहा देईल, मग लगेच आत सोडतात. तिनं आईकडे पाहिलं. महानंदाबाईंनी विचारलं, मागं दार हाय? मी मान हलवली. त्यांनी लिंबाखालच्या माणसांकडे पाहिलं, आमच्या घराकडे पाहिलं, आणि एकेका गोष्टीची संगती लागल्यासारखा त्यांचा चेहरा बदलत गेला. मुंबईचा फोन का लांबायचा ते त्यांना त्या क्षणी कळलं असणार. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, “नको बाई. माज्या म्होरं आबा हायत. आन हे समदे आमच्याच भागातले. उद्या एसटीत ह्यांच्याच शेजारी बसायचं हाय मला.”

मी परत आले. स्वयंपाकघरात तिन्ही कप भरले जात होते. सिद्धूकाका कुठल्याशा गोष्टीवर हसत होते आणि आईनं त्यांच्यासमोर खारी ठेवली होती. मी माळ्यावरचा मोठा टोप काढला, गणपतीतल्या आरतीच्या वेळी लागतो तो. त्यात पाणी भरून शेगडीवर ठेवलं, मागच्या दाराबाहेर जाऊन गवती चहाची मूठभर पाती खुडली आणि साखरेबरोबर पाण्यात टाकली. आईनं विचारलं, हे कुणासाठी? मी पुढच्या दाराकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्यांना? मी मान हलवली. सिद्धूकाकांनी तोंडातली खारी संपवून म्हटलं, “वैनी, मॅडमनी हॉटेल टाकलं काय?” काकू हसल्या. आई हसली नाही. ती टोपाकडे बघत होती, मग मधल्या दाराकडे, मग पुन्हा टोपाकडे. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती आपल्या रीतीला धरून होती, आणि त्या रीतीत पुढच्या पोर्चमध्ये बसलेली माणसं घरी आलेली धरायची की नाही, हा प्रश्न तिच्यापुढं कुणी कधी ठेवलाच नव्हता. तिनं साखरेचा डबा उघडला. “तू घातलीस ती पुरायची नाही,” म्हणाली, आणि दोन मुठी ओतल्या. मग दुधाचं पातेलं सगळं रिकामं केलं.

मी स्टीलचे पेले ट्रेमध्ये भरले आणि किटली घेऊन बाहेर गेले. मला पाहून भाग्यश्री लिंबाखालून उठून आली आणि तिनं न विचारता माझ्या हातातला ट्रे घेतला. चपलांच्या क्रमानं चहा द्यायचा, हे मी मनाशी ठरवलं होतं. कुठला जोड कुणाचा ते मला माहीत होतं, आणि चहा दिसताच माणसंही लिंबाखालून उठून आपापल्या चपलांपाशी येत होती. आबांना पहिला. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून वास घेतला आणि विचारलं, आज काय हाय साहेबाच्या घरी? भाग्यश्री म्हणाली, “काय न्हाय आबा, च्या हाय. प्या.” ती पेला पुढे करायची आणि मी ओतायची. दोघी अशा फाटकापर्यंत गेलो आणि फाटकाबाहेर, जिथं रांग रस्त्यावर आली होती. आमच्यात एक शब्द झाला नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब गप्पा मारलेली सकाळ आहे असं मला अजून वाटतं.

संध्याकाळची ती एसटी पुढे सुरू झाली. एखादी गाडी कायम चालू ठेवायला बरंच काही लागतं म्हणतात, पण भाग्यश्रीचं कॉलेज होईपर्यंत तरी ती धावली. नंतरच्या एका सोमवारी मी सवयीनं जाळीतून निळा पट्टा शोधला. तो नव्हता. तिचं काम झालं होतं, तिला यायचं कारण उरलं नव्हतं, आणि मला तिच्याकडे जायला कारण शोधण्याएवढा धीर झाला नाही. पुढे एकदा एसटी स्टँडवर मी तिला लांबून पाहिलं. पांढरा कोट हातावर घेऊन ती तीन-चार मुलींच्या घोळक्यात काहीतरी सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या. गाडी लागली आणि त्या चढल्या. कार्यालयही मग मोठ्या रस्त्यावर गेलं. तिथं थंड हवेची खोली आहे, बसायला खुर्च्या आहेत, दारात टोकन मिळतं, आणि चपला कुणी काढत नाही. मागे दार आहे की नाही ते मला माहीत नाही. आमच्याकडची मागची बाजू आता बंदच असते. गवती चहा मात्र आळ्याबाहेर माजलाय. आई म्हणते, प्यायला कुणी नाही.

पण त्या सकाळी मी रिकामी किटली घेऊन पायरीवर परत आले, तेव्हा हॉलमधला माणूस बोलणं संपवून उठत होता. मी कोपरानं पडदा बाजूला सारला. समोर साहेब, डोक्यावर फडफडणारा नकाशा, आणि पलीकडे मधल्या दाराच्या कडीवर हात ठेवून उभे असलेले बाबा. ते आईच्या हाकेची वाट बघत होते. दाराआड कप खाली ठेवल्याचे आवाज होऊन गेले होते, एक, मग आणखी एक. सिद्धूकाकांचं खाकरणंही ऐकू आलं. हाक येत नव्हती. बाबांनी दाराच्या फटीशी कान नेला. तरी स्वयंपाकघरात शांतच. मग त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांना पुढच्या दारात मी दिसले. माझ्या पायाशी आबांच्या टायरच्या चपला, आणि माझ्या पाठीमागे पेला हातात धरून उभे आबा, महानंदाबाई, भाग्यश्री आणि उन्हात उठून आलेली बाकीची सगळी माणसं. साहेबांनीही मान वळवली.  आवाज फुटेल की नाही याची मला खात्री नव्हती. तो फुटला, आणि आमच्या घरात मी कधी बोलले नव्हते इतका मोठा निघाला.

“बाबा, ह्यांचा चहा झाला. ह्या सगळ्यांचा.”